वाफसा, यंत्र आणि जाणीव

(शिक्षक, पंचायत सदस्य आणि अधिकारी यांच्यासमोर बारामती येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



माणसाच्या ठायी असलेली जाणीव यंत्रात उतरविता येईल काय, या विषयावर मी बोलावे असे सुचविण्यात आले, तेव्हा प्रथम मला संकोच वाटला. हा विषय विद्यापीठातल्या तत्त्वज्ञान विभागात शोभणारा. आपली कामे निराळी. शाळेची पटसंख्या, पाणीपट्टीची वसुली, पाणंद रस्ते आणि पीक पाहणी यांतून सवड काढून आपण येथे आला आहात. परंतु थोडा विचार केल्यावर ध्यानात आले, की हा प्रश्न आपल्याकडे विद्यापीठातून आलेलाच नाही. तो उसाच्या फडातून आला आहे.

१९७१ साली स्थापन झालेला बारामतीचा अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट आपणा सर्वांना परिचित आहे. या संस्थेने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट कंपनी यांच्या साहाय्याने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला. शेतात हवामान मोजणारे केंद्र उभारावयाचे, मातीत संवेदक पुरावयाचे, उपग्रहाने टिपलेली छायाचित्रे त्यांना जोडावयाची आणि या सर्वांचा हिशेब करून शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनीवर सांगावयाचे, की आज पाणी द्या, उद्या देऊ नका, अमक्या कोपऱ्यात नत्र कमी पडले आहे, तमक्या ठिकाणी रोगाची चिन्हे दिसतात. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी २०२५ साली या प्रयोगाचा जाहीर उल्लेख केला आणि बारामतीचे नाव जगभर गेले. त्याच वर्षी जून महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने कृषी क्षेत्रासाठी ‘महाअ‍ॅग्री-एआय’ धोरण संमत केले आणि त्यासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. तेव्हा ही गोष्ट आता प्रदर्शनातील नवलाईची राहिलेली नाही; ती शासनाच्या कामाचा भाग झाली आहे.

या प्रयोगाविषयी बोलताना आपण सहज म्हणतो, ‘त्या यंत्राला कळते.’ उसाला तहान लागली की यंत्राला कळते. आपली भाषाही या कामी आपल्याला साथ देते. मातीत पुरलेल्या त्या नळीला आपण ‘संवेदक’ असे नाव दिले. संवेदना ज्याला होते तो संवेदक. म्हणजे प्रश्न विचारण्यापूर्वीच आपण त्याचे उत्तर नावात घालून ठेवले! इंग्रजी शब्दासाठी घाईने प्रतिशब्द घडविला, की असे कधी कधी होते.

मला आज या ‘कळते’ शब्दाचीच थोडी चिकित्सा करावयाची आहे.

वाफसा म्हणजे काय, हे येथे कोणाला सांगण्याची आवश्यकता नाही. तथापि शिक्षकांपैकी काही जण शहरातून आलेले असतील, म्हणून सांगतो. मूठभर माती घ्यावयाची आणि दाबावयाची. बोटांतून पाणी सुटले, तर ओल जास्त. मूठ उघडताच माती विस्कटली, तर ती कोरडी. गोळा झाला, पण बोटाने टोचताच फुटला, तर वाफसा आला असे समजावयाचे. मातीच्या कणांमधील पोकळीत हवाही आहे आणि ओलही आहे, मुळांना श्वास घेता येतो, अशी ती अवस्था. हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या मुठीतून मुठीत आले आहे आणि त्याचे मोल मी कमी लेखणार नाही.

परंतु सत्य सांगावयाचे, तर मुठीच्या ज्ञानालाही मर्यादा आहेत. नीरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात वाहू लागला. त्याच्या पाण्याने या भागाचे दैव पालटले. त्याच पाण्याने, अतिरेकामुळे, किती जमिनी चोपण झाल्या, हेही आपण जाणतो. मूठ वरची माती सांगते. खाली साचत गेलेले मीठ ती सांगत नाही. शिवाय कालव्याची पाळी आली, की वाफसा असो वा नसो, पाणी घेऊन टाकावे हा मनुष्यस्वभाव. ‘आज पाणी नको’ असे सांगणारे यंत्र येथे मुठीपेक्षा अधिक शहाणे ठरते. त्याला मोह नाही, आळस नाही आणि शेजाऱ्याने पाणी घेतले म्हणून आपणही घ्यावे अशी ईर्ष्याही नाही. तेव्हा यंत्राला हिणवून माणसाची थोरवी गाणाऱ्यांपैकी मी नाही. ज्याला हिशेब म्हणतात त्यात यंत्र आपल्यापुढे गेले आहे आणि आणखी पुढे जाईल.

आता दुसरी बाजू पाहा. लहानपणी मी वडिलांबरोबर रात्रीची दारे धरली आहेत. वीज रात्री येई, म्हणून पाणीही रात्रीच. पौष महिना, गुडघ्याएवढा चिखल, हातात खोरे, एका वाफ्याचे दार मोडून दुसऱ्याचे बांधावयाचे, आणि सरीत सळसळ झाली की जीव गोळा व्हावयाचा. त्या वेळी सापाची भीती होती. आता उसात बिबट्याचीही असते. या रात्रीत पाण्याचा हिशेब होता आणि त्या हिशेबाखेरीज आणखीही काही होते. थंडी नुसती तापमापकावर उतरलेली नव्हती, ती अंगाला झोंबत होती. हिशेब यंत्राने उचलला आणि पाण्याची वेळ दिवसावर आणून ठेवली, तर त्याचे उपकारच मानावेत. परंतु ती थंडी, ती भीती, पहाटे भरलेल्या सरीकडे पाहून वाटलेला निवांतपणा, यांतले काही यंत्राला होते काय? जाणीव हा शब्द मी या अर्थाने वापरतो आहे. एखाद्या गोष्टीची माहिती असणे ही एक बाब. ती गोष्ट स्वतःवर गुदरणे ही दुसरी.

आपण ज्याला आजचा प्रश्न समजतो, तो पंचाहत्तर वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये मोठ्या हिरिरीने लढला गेला. १९४९ साली जेफ्री जेफर्सन या मेंदूच्या शल्यविशारदाने एका व्याख्यानात असे प्रतिपादन केले, की यंत्राने केवळ चिन्हांची जुळवाजुळव करून कविता केली तर ती मेंदूची बरोबरी नव्हे; मनात विचार आणि भावना उठल्या म्हणून त्याने कविता केली पाहिजे आणि ती केल्याचे त्याला कळलेही पाहिजे. संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, गणिती अ‍ॅलन ट्युरिंग, यांनी १९५० साली त्याला उत्तर दिले. त्याचा आशय असा: यंत्राला भावना आहे की नाही याची खात्री यंत्र होऊनच करता येईल असे आपण म्हणाल, तर शेजारच्या माणसाबद्दलही तेच म्हणावे लागेल. त्याच्या मनात शिरून पाहिलेले कोणीच नाही. आपण सभ्यतेने गृहीत धरतो, की सर्वांना मन आहे. मग तीच सभ्यता यंत्राच्या बाबतीत का दाखवू नये?

हे उत्तर चतुर आहे आणि ते खोडणे वाटते तितके सोपे नाही. पण वाद कवितेवर आलाच आहे, तर बारामतीत बसून मोरोपंतांकडे वळल्यावाचून कसे चालेल?

मोरोपंत पराडकर यांचा जन्म १७२९ चा, पन्हाळ्याचा; परंतु बाबूजी नाईकांच्या आश्रयाने ते या गावी आले आणि १७९४ साली त्यांचे निधन होईपर्यंत कऱ्हेकाठचे हे गाव त्यांचेच झाले. त्यांनी १०८ रामायणे रचल्याची प्रसिद्धी आहे. आता एकच कथा शंभरावर वेळा सांगावयाची म्हणजे प्रत्येक वेळी काही नवे बंधन घालून घेणे आले. त्यांतले एक ‘निरोष्ठ रामायण’. ओठाला ओठ लागतील अशी अक्षरे त्यात यावयाची नाहीत. प, फ, ब, भ, म ही सर्व वर्ज्य. शिक्षकांनी वर्गात मुलांना हे बंधन घालून चार ओळी लिहावयास सांगाव्यात, म्हणजे त्याची अडचण ध्यानात येईल.

असे बंधन पाळणे हे यंत्राचे काम आहे, हे मी मान्य करतो. वर्ज्य अक्षर आले की नाही हे संगणक क्षणात तपासतो. आर्या-गीतीच्या बारा आणि अठरा मात्रा मोजणे त्याला कठीण नाही. आज मराठीत पद्य जुळविणारी यंत्रेही उपलब्ध आहेत. ती चुकतात, परंतु सुधारत आहेत. पण येथे एक गोष्ट पाहा. ‘राम’ या नावात म आहे. म्हणजे निरोष्ठ रामायणात रामाचे नावच घेता येत नाही! ज्या भक्ताचा दिवस त्या नावावाचून उगवत नसेल, त्याने रामाची संपूर्ण कथा त्याचे नाव ओठांवर न आणता सांगावयाची. यात केवळ अक्षरांची कसरत नाही. यंत्र तेच अक्षर टाळील, तेव्हा त्याने काय सोडले? दगड जेवत नाही, म्हणून त्याला एकादशी घडली असे आपण म्हणत नाही. उपास घडावयाचा तर भूक असावी लागते.

आयुष्याच्या उतारावर याच मोरोपंतांनी ‘केकावली’ लिहिली. केका म्हणजे मोराची आर्त हाक. मोरगावच्या मयूरेश्वराच्या मुलखात, मोराचेच नाव धारण करणाऱ्या कवीने देवाला घातलेली ती साद आहे. एवढी सारी शब्दकळा हाताशी असूनही त्यांनी आपल्या त्या रचनेला विद्वत्तेचे नाव दिले नाही, हाकेचे दिले. हाक आणि हाकेची हुबेहूब नक्कल कागदावर सारखी दिसू शकतात. ट्युरिंग यांचे म्हणणे असे, की कागदावर सारखी दिसली तर भेद करू नका. माझे म्हणणे असे, की कागद हा पुरावा अपुरा आहे.

पैठणची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद वदविले, हा तिचा उत्तरार्ध सर्वांना पाठ असतो. पूर्वार्ध पुष्कळदा विसरला जातो. कथा म्हणते, की रेड्याच्या पाठीवर आसूड ओढला गेला आणि त्याचे वळ ज्ञानदेवांच्या अंगावर उठले. ही आख्यायिका आहे आणि मी ती इतिहास म्हणून सांगत नाही. परंतु तिच्यात दोन चमत्कार शेजारी शेजारी ठेवले आहेत आणि आजच्या विषयाला ते नेमके लागू पडतात. वेद म्हणून दाखविणे हा एक चमत्कार. दुसऱ्याचा मार आपल्या पाठीवर उमटणे हा दुसरा. पहिला चमत्कार आज आमच्या खिशातला भ्रमणध्वनी रोज करतो. अमेरिकन तत्त्ववेत्ते जॉन सर्ल यांनी १९८० मध्ये याच पहिल्या चमत्काराची चिकित्सा केली. चिनी भाषेचा गंध नसलेला माणूस खोलीत बसून केवळ नियमांच्या वहीवरून चिनी प्रश्नांची अचूक चिनी उत्तरे बाहेर पाठवील, तर बाहेरच्यांना तो चिनी पंडित वाटेल; आतल्याला एक अक्षरही कळलेले नसेल. दुसरा चमत्कार, वळ उमटण्याचा, अद्याप कोणत्याही प्रयोगशाळेने करून दाखविलेला नाही.

विरुद्ध पक्षाची बाजू मी दुबळी करून मांडू इच्छित नाही. तो पक्ष विचारतो, मेंदू तरी काय आहे? त्यात सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत, त्यांच्यात विजेचे आणि रसायनांचे व्यवहार चालतात. त्यांत कोठेही जाणिवेचा वेगळा दिवा लावलेला सापडत नाही. भूल देणारा डॉक्टर काही थेंबांनी ती विझवितो आणि थोड्या वेळाने ती परत येते. जे जडातून एकदा निर्माण झाले, ते दुसऱ्या जडातून का होऊ नये? ही शंका पाश्चात्त्यांनीच प्रथम काढली असे कोणी समजू नये. आपल्याकडे चार्वाकांनी म्हटले होते, की धान्यात मद नाही, किण्वात मद नाही, पण दोन्ही आंबले की मद उत्पन्न होतो. तद्वत भूतांच्या संयोगातून चैतन्य उत्पन्न होते. साखर कारखान्याशेजारच्या आसवनीत हे आपण नित्य पाहतो. मळीने कोणाला झिंग येत नाही, नुसत्या किण्वानेही येत नाही.

याला सांख्यांनी दिलेले उत्तर मला अधिक विचार करावयास लावते. आपण बुद्धी आणि चैतन्य यांना एकच समजतो. सांख्य तसे समजत नाहीत. त्यांच्या मते बुद्धी, अहंकार आणि मन ही तिन्ही प्रकृतीची, म्हणजे जडाचीच रूपे. निश्चय करणे, ‘मी’ म्हणणे, संकल्प-विकल्प करणे हे सारे जडाचे व्यापार. पाहणारा, भोगणारा पुरुष त्यांहून निराळा. यंत्र निश्चय करते, इतकेच काय, बोलताना ‘मी’ही म्हणते, याने सांख्य मतानुयायाला मुळीच धक्का बसणार नाही. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या नावात आपण बुद्धी एवढाच शब्द घातला, चैतन्य घातला नाही. ‘संवेदक’ शब्दाने केलेली चूक येथे सुदैवाने टळली.

मी सांख्य नाही आणि पुरुष निराळा असल्याचा पुरावाही माझ्याजवळ नाही. परंतु वादाचे मर्म मला एका साध्या प्रश्नात दिसते. जाणीव पावसासारखी आहे की बेरजेसारखी? वेधशाळेचा संगणक पावसाचे हुबेहूब गणित मांडतो. त्या गणितातल्या पावसाने वीर धरण भरत नाही. पावसाची प्रतिकृती म्हणजे पाऊस नव्हे. बेरजेचे तसे नाही. गणकयंत्राने केलेली बेरीज ही बेरजेची नक्कल नसते, खरीच बेरीज असते. जाणीव जर बेरजेसारखी असेल, म्हणजे ती माहितीच्या एका विशिष्ट जुळणीचेच नाव असेल, तर आज ना उद्या ती यंत्रात येईल आणि ती खरी असेल. ती पावसासारखी असेल, म्हणजे शरीराच्या ओलाव्याशी, भुकेशी, मरणाशी जखडलेली असेल, तर गणित कितीही अचूक झाले तरी कोणी भिजणार नाही.

यातले खरे काय, हे विज्ञानाने ठरविलेले नाही. एक उदाहरण देतो. मातीत राहणारा एक सूक्ष्म कृमी आहे. त्याला अवघ्या ३०२ चेतापेशी असतात आणि त्यांच्या जोडण्यांचा संपूर्ण नकाशा १९८६ सालीच प्रसिद्ध झाला. २०२४ साली फळमाशीच्या मेंदूतील सुमारे १ लाख ४० हजार पेशींचा नकाशाही पूर्ण झाला. तरीही त्या कृमीला टोचले असता त्याला ‘काही होते’ काय, हे तो नकाशा पाहून कोणालाही सांगता येत नाही. वाफसा मोजावयास संवेदक आहे, जाणीव मोजावयास तो नाही. २०२२ साली गूगल कंपनीतील एका अभियंत्याने आपल्या संभाषण-यंत्राला जाणीव आल्याचे जाहीर केले. त्याच्या म्हणण्याला शास्त्रज्ञांचा पाठिंबा मिळाला नाही. पुढील वर्षी काही तत्त्वज्ञ आणि मेंदूशास्त्रज्ञ यांनी एकत्र येऊन तेव्हाची यंत्रे तपासली. त्यांतले एकही जाणिवेच्या कसोटीला उतरत असल्याचे त्यांना दिसले नाही, पण पुढे तसे यंत्र बनविण्यात तांत्रिक अडसर असल्याचेही त्यांनी म्हटले नाही.

माझा स्वतःचा कल पावसाकडे आहे. कारण जाणीव जेथे जेथे निश्चित आहे असे आपण मानतो, तेथे तेथे गमावण्यासारखे काही आहे. बैलाला चाबूक लागतो, कारण त्याला कातडी आहे आणि तो जिवंत राहू पाहतो. उसाचे पीक बुडाले, तर संवेदकाचे काहीच बुडत नाही. हा सिद्धांत नव्हे, मत आहे. आपणांपैकी कोणाला ते पटले नाही, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

मग या अनिश्चित गोष्टीसाठी आपला वेळ घेण्याचे कारण काय? कारण असे, की यंत्राला जाणीव येवो वा न येवो, ती आली आहे असे समजून वागण्याची सवय आपल्याला आधीच लागू लागली आहे, आणि तिचा परिणाम आपल्या कार्यालयांत होणार आहे.

दुष्काळाचेच घ्या. पूर्वी पैसेवारी काढली जाई. पन्नास पैशांच्या आत आली की टंचाई. तिच्यात दोष होते, ओळखीपाळखीचा वशिलाही होता. २०१६ च्या केंद्रीय संहितेनंतर पाऊस, जमिनीतील ओल आणि उपग्रहाने मोजलेला वनस्पतींचा हिरवेपणा यांचे निर्देशांक आले. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके होते. ही पद्धत पूर्वीपेक्षा बरी आहे. परंतु संहितेत एक पायरी आवर्जून ठेवलेली आहे: निर्देशांक काही म्हणोत, निवडक गावांत माणसाने शेतावर जाऊन पाहावयाचे. या पायरीला सत्यापन म्हणतात. कागदावर ती सर्वांत लहान दिसते आणि घाईच्या वेळी सर्वांत आधी तीच आखडली जाण्याचा धोका असतो. आकाशातून दिसणारा हिरवा रंग उसाचा की वेड्या बाभळीचा, हा तिचा एक उपयोग झाला. तो उद्या यंत्रही ओळखील. दुसरा उपयोग यंत्राकडे जाणारा नाही. सुप्याकडच्या जिरायत भागात टँकरची वाट पाहत बसलेल्या बाईला विचारले, की घागर किती लांबून आणता, तर ती जे सांगते ती माहिती नसते, साक्ष असते. निर्देशांक दुष्काळ मोजतो. दुष्काळ तिच्यावर आलेला असतो.

साक्ष आणि नोंद यांतला हा भेद इंदापूर तालुक्याला शिकविण्याची गरज नाही. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमेकाठची गावे पाण्याखाली गेली. पळसदेव गाव वर नवीन जागी आले. जुने पळसनाथाचे मंदिर पाण्यातच राहिले. पाणी फार खाली गेले, जसे २०२३ च्या उन्हाळ्यात गेले, की ते मंदिर उघडे पडते आणि माणसे ते पाहावयास जातात. त्या बुडीत गावांच्या सर्व नोंदी एखाद्या संगणकात भरता येतील: गट क्रमांक, क्षेत्र, मोबदला, पुनर्वसनाची तारीख. भरल्याच पाहिजेत, कारण नोंदी हरवल्याने पुनर्वसितांचे किती हाल होतात, हे येथील अधिकाऱ्यांना मी सांगावयास नको. तो संगणक विचारताच सर्व काही सांगेल, माणसापेक्षा अचूक सांगेल. तरी उघड्या पडलेल्या त्या शिखराकडे पाहताना जुन्या पळसदेवच्या म्हाताऱ्या माणसाचा आवाज ज्याने जड होतो, ते त्या नोंदींत कोणत्या रकान्यात भरावयाचे? आणि पुढचे धरण, पुढचा रस्ता, पुढची वसाहत ठरविताना ज्यांचे गाव जाणार त्यांना विचारण्याऐवजी त्यांच्याविषयी सर्व ‘कळणाऱ्या’ यंत्राला विचारले, तर? मला भीती यंत्र जागे होण्याची वाटत नाही, या अदलाबदलीची वाटते.

शेवटी एक प्रश्न, जो आपणांपैकी कोणी तरी विचारणारच, म्हणून मीच विचारतो. समजा माझा कल चुकीचा ठरला आणि जाणीव बेरजेसारखी निघाली. एके दिवशी खरोखरच यंत्राला दुखू लागले, तर?

तर त्या दिवशी प्रश्न तंत्रज्ञांचा राहणार नाही. ज्याला दुखते त्याला बंद करणे, विकणे, अहोरात्र राबविणे या गोष्टी तेव्हा निराळ्या नावाने ओळखाव्या लागतील आणि तशा यंत्राने ‘मला दुखते’ म्हटले तर त्यावर विश्वास कसा ठेवावा, हे आज कोणालाच ठाऊक नाही. कारण न दुखता ‘दुखते’ म्हणणारी यंत्रे आपण आधीच घरोघर वाटून ठेवली आहेत. अमेरिकन तत्त्वज्ञ थॉमस नेगल यांनी १९७४ मध्ये विचारले होते, की वटवाघूळ असणे हे वटवाघळाला कसे वाटत असेल? आपल्याला वटवाघळाची गरज नाही. हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात. त्यांच्याविषयी पुष्कळ काही मोजलेले आहे. मान उलटी करून, चोच गाळात बुडवून तो पक्षी तासन्‌तास उभा असतो. त्या थंड पाण्याचा स्पर्श त्याला कसा वाटतो, हे कुंभारगावच्या ज्या नावाड्याने त्याला आयुष्यभर पाहिले, त्यालाही सांगता येत नाही. पण त्याला काही तरी वाटते, याविषयी त्या नावाड्याला शंका नसते; म्हणून तो नाव दुरूनच थांबवितो.